आया, ओ पेअर आणि परतीचं तिकीट

शाळेतली, अंगणवाडीतली, दवाखान्यातली आया आपल्या इतक्या रोजच्या ओळखीची की हा शब्द मराठीच वाटतो. त्यात 'आई'चं अनेकवचनही 'आया'च. पण मूल सांभाळणाऱ्या बाईसाठीचा हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेत 'आइआ' म्हणजे मुलांची दाई. पुढे तो इंग्रजांनी उचलला आणि बोटीतून थेट लंडनला नेला. परक्या देशात, परक्या घरात राहून मुलं सांभाळण्याच्या आजच्या 'ओ पेअर' वाटेकडे पाहताना मला या बायकांची आठवण टाळता येत नाही.

इंग्रज कुटुंब सुटीवर किंवा कायमचं मायदेशी निघालं की आयाला सोबत घेई. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू होण्याआधी हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांचा असे. नंतर तो काही आठवड्यांवर आला. मडमीला बोट लागली की मुलांचं खाणंपिणं, झोपवणं, सामानसुमान सगळं आयाच्या गळ्यात. काही बायकांनी तर हाच व्यवसाय केला. मिसेस अँटनी परेरा या नावाने नोंदलेल्या एका आयाने अशा ५४ फेऱ्या केल्याचं १९२०च्या दशकातल्या एका वृत्तान्तात सांगितलं आहे.

खरा प्रश्न बंदरावर उतरल्यावर येई. कुटुंबाचं काम संपलेलं, बोलणं बहुधा तोंडी झालेलं. काहींना परतीचं तिकीट मिळे, काहींना नुसतंच सोडून दिलं जाई. थंडीत, भाषा न येता, हातात पैसे नसताना.

अशांसाठी लंडनच्या ऑल्डगेट भागात 'आयाज होम' उभं राहिलं. १९००मध्ये ते हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवरच्या २६ नंबरच्या घरात गेलं. लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था ते चालवी. धर्मप्रसार हाही हेतू होताच, तो लपवलेला नव्हता. तिथली व्यवस्था मात्र बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आयाला आणणाऱ्या कुटुंबानं दिलेलं परतीचं तिकीट मेट्रनकडे, म्हणजे त्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईकडे, जमा होई. हिंदुस्थानात निघालेल्या दुसऱ्या कुटुंबाला आया हवी असली की मेट्रन ते तिकीट त्यांना विके आणि त्या पैशातून बोट सुटेपर्यंतचा आयाचा राहण्या-जेवणाचा खर्च निघे. बाई घरी कधी परतणार हे दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेवर ठरे. त्या घरातल्या बायकांचा एक फोटो उपलब्ध आहे: टेबलाभोवती दाटीनं बसलेल्या, काहींच्या हातात शिवणकाम. वाट पाहणाऱ्यांचा फोटो आहे तो.

स्वातंत्र्यानंतर ही ये-जा आटली. त्या घरावर स्मृतिफलक लागायला मात्र जून २०२२ उजाडावं लागलं.

युरोपात दरम्यान वेगळीच प्रथा रुजली होती. 'ओ पेअर' म्हणजे फ्रेंचमध्ये 'बरोबरीच्या नात्यानं'. मुलगी परदेशी घरात राहणार, भाषा शिकणार, मुलांना सांभाळणार आणि पगाराऐवजी हातखर्च घेणार. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्रासबुर्गमध्ये युरोपीय करार झाला: वय साधारण १७ ते ३०, काम दिवसाला जास्तीत जास्त ५ तास, आठवड्यातून एक पूर्ण सुटी आणि सगळं लेखी. अमेरिकेनं १९८६ मध्ये आपली योजना काढली, पण तिथं मर्यादा आठवड्याला ४५ तास. एवढे तास राबणाऱ्या मुलीला कुटुंबातली सदस्य म्हणणं मला पटत नाही, ती कामगारच आहे. अमेरिकी न्यायालयांतही शेवटी वाद याच मुद्द्यावर गेला आणि २०१९ मध्ये ओ पेअर पुरवणाऱ्या एजन्सींनी साडेसहा कोटी डॉलर देऊन एक मोठा दावा मिटवला.

आपल्याकडची ए-वन म्हणजे अगदी पहिल्या पातळीपर्यंत जर्मन शिकलेली मुलंमुलीही आता या वाटेनं जर्मनीला जाऊ शकतात. तिथं आठवड्याला ३० तास काम, महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी थोडी मदत असा नियम आहे. स्वतंत्र खोली मिळते, करार लेखी असतो, कुटुंब बदलता येतं. हॅकनीतल्या बायकांना यातलं काहीच नव्हतं. विमानाच्या तिकिटाचे पैसे मात्र साधारणपणे जाणाऱ्यालाच घालावे लागतात, येण्याचे आणि जाण्याचेही.