इंग्रजीतील भविष्यकाळाची अभिव्यक्ती

पुढे घडणाऱ्या गोष्टी सांगण्यासाठी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या क्रियापद-रचना आणि शब्द. मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या प्रत्ययातच असतो : जाईन, जाशील, जाईल. इंग्रजीत ‘गो’चे भूतकाळी ‘वेंट’ होते, भविष्यकाळासाठी मात्र वेगळे रूप नाही. म्हणून अनेक आधुनिक व्याकरणकार इंग्रजीत भविष्यकाळ हा स्वतंत्र काळ मानतच नाहीत. पुण्यातल्या पुष्कळ शाळा-क्लासांत अजूनही बारा काळांचे कोष्टक पाठ करून घेतात आणि त्यात भविष्यकाळापुढे ‘शॅल, विल’ एवढेच असते. विद्यार्थ्याची खरी अडचण इथेच सुरू होते, कारण इंग्रजी बोलणारा पुढची गोष्ट कशाच्या आधारावर सांगतो आहे, त्यानुसार रचना बदलते.

‘विल’ मूळचे इच्छा दाखवणारे क्रियापद, ‘शॅल’ हे देणे लागण्याचे, बांधील असण्याचे. प्राचीन इंग्रजीत भविष्यासाठी बहुधा वर्तमानाचेच रूप चाले. प्रथमपुरुषी ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या 1653 च्या लॅटिन भाषेतील व्याकरणात आढळतो. आजच्या बोलण्यात तो जवळजवळ उरलेला नाही. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘जाऊ या का?’ अशा प्रश्नांत आणि कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ टिकून आहे. घरभाड्याच्या इंग्रजी करारात ‘द लायसन्सी शॅल पे’ (भाडेकरूने पैसे भरावेत) असे असते, ते भाकीत नव्हे, बंधन आहे.

आधीच ठरलेला बेत किंवा समोर दिसणारे चिन्ह यांसाठी ‘गोइंग टू’ येते. सिंहगडाकडे ढग दाटले की ‘इट इज गोइंग टू रेन’. मराठीतही आपण ‘पाऊस येणार’ म्हणतो, ‘येईल’ नव्हे. ‘-णार’ आणि ‘गोइंग टू’ यांची ही जोडी पहिल्याच धड्यात शिकवायला हवी, इतकी ती उपयोगी आहे. दुसऱ्या माणसाशी वेळ ठरली असेल तर ‘आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो’. वेळापत्रकाला साधा वर्तमान पुरतो : ‘द डेक्कन क्वीन लीव्ज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन’. ‘सव्वासातला सुटते’ हेही वर्तमानच.

जोडी जुळत नाही ती बोलता बोलता केलेल्या निश्चयात. बेल वाजल्यावर मराठी माणूस ‘मी उघडतो’ म्हणतो. इंग्रजीत तिथे ‘आय विल ओपन इट’ लागते. ‘आलोच’ असे भूतकाळी रूप वापरून दिलेले आश्वासन तर इंग्रजीत शब्दशः नेताच येत नाही, तिथे ‘आय ॲम कमिंग’ म्हणतात.

सर्वाधिक चुका ‘इफ’ आणि ‘व्हेन’ नंतर होतात. ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू’ हे वाक्य पुण्यात रोज ऐकू येते. प्रमाण इंग्रजीत वेळ किंवा अट सांगणाऱ्या उपवाक्यात वर्तमान येतो : ‘व्हेन आय रीच’. ‘तो येईल तेव्हा’ हे मराठीत चालते, हे या चुकीचे एक कारण. पण ‘पोहोचलो की फोन करतो’, ‘पाऊस आला तर’ अशा वाक्यांत मराठीही भविष्यरूप टाळते. शिक्षकाने ही वाक्ये आधार म्हणून घेतली, तर नियम घोकावा लागत नाही. विनंती किंवा तयारी दाखवताना मात्र ‘इफ’ नंतर ‘विल’ चालते : ‘इफ यू विल वेट हिअर’, म्हणजे ‘इथे थांबाल का’.

‘विल हॅव फिनिश्ड’ हे ठरावीक वेळेपर्यंत काम संपलेले असेल असे सांगते, ‘विल बी ट्रॅव्हलिंग’ त्या वेळी चालू असलेली क्रिया. शब्दसंग्रहातून येणारे भविष्य याहून व्यापक आहे : ‘अबाउट टू’ (इतक्यात होणारे), ‘ड्यू टू’ (ठरल्याप्रमाणे होणारे), ‘लाइकली टू’ (होण्याची शक्यता असलेले), ‘बाउंड टू’ (नक्की होणारे), शिवाय ‘प्लॅन’, ‘होप’, ‘प्रॉमिस’ ही क्रियापदे. ‘ब्राइड-टू-बी’ला आपल्याकडे ‘होणारी नवरी’ आहेच.

प्रत्येक ‘विल’ भविष्याचा नसतो. सकाळी दार वाजल्यावर ‘दॅट विल बी द मिल्कमन’ म्हणतात, तेव्हा तो आत्ताचा तर्क असतो. मराठीतले ‘दूधवाला असेल’ अगदी तेच काम करते.