सुंगटांची वाफ आणि छातीतली घरघर

मे संपत आला की गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू होते. आमच्याकडे गालमो, म्हणजे सुका जवळा, तव्यावर भाजायला घेतला की आत्या पदर नाकाला लावून मागीलदारी जाऊन बसायची. ती तो खायची नाहीच. नुसत्या वासानेही तिची छाती भरून यायची. घरच्यांच्या लेखी ते नखरे होते.

खाण्याचा आणि धापेचा संबंध आपल्याकडे जुनाच. चरकसंहितेत श्वास या विकाराचा, म्हणजे धापेचा, उगम पित्तस्थानात, पोटाच्या बाजूला सांगितला आहे. घरगुती वैद्यकाने पुढे दमेकऱ्याच्या ताटातून दही, केळं, काकडी सगळंच उचललं. यातल्या बहुतेकांचा ॲलर्जीशी संबंध नसतो.

‘ॲलर्जी’ हा शब्दच १९०६ चा, ऑस्ट्रियन डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवलेला. त्याआधी १९०२ मध्ये रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं होतं. पहिल्या वेळी निभावलेलं कुत्रं काही आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेने धापा टाकत मेलं. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

मला मात्र १९२१ चा प्रयोग जास्त आवडतो, कारण तो मासळीचा आहे. क्युस्टनर या डॉक्टरला मासे खाल्ले की त्रास व्हायचा. सहकारी प्राउसनिट्झने त्याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. गांध उठली! म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी होता. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड. ते १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याला अमेरिकेत आणि योहान्सन-बेनिख यांना स्वीडनमध्ये सापडलं.

सुंगटांमधला, म्हणजे कोळंबीतला, मुख्य गुन्हेगार ट्रोपोमायोसिन हे प्रथिन. ते १९९३ मध्ये ओळखलं गेलं. शिजवूनही ते मोडत नाही आणि वाफेबरोबर हवेत चढतं. कोळंबी सोलण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना दमा जडतो तो याच वाटेने. (पोदेराचंही, म्हणजे पाववाल्याचंही, तसंच: पाव खाऊन काही होत नाही, पिठाची धूळ मात्र छातीत बसते. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने बेकरीवाल्यांचा खोकला १७०० सालीच टिपला होता.) झुरळांत आणि घरातल्या धुळीच्या किड्यांतही याच प्रथिनाचे भाऊबंद असतात, आणि आपल्या दमट घरांत या किड्यांना काही कमी नाही.

तरी प्रत्येक धापेचं खापर ताटावर फोडू नये. चार्ल्स मे या डॉक्टरांनी १९७६ मध्ये दमेकरी मुलांना संशयित पदार्थ कॅप्सुलांत लपवून दिले, तेव्हा बराचसा संशय गळून पडला. अंगावर काही न उठता, पोट न बिघडता खाण्यामुळे नुसताच दमा होणं विरळा. पण खरी ॲलर्जी आणि दमा एकत्र आले की जिवावर बेततं.

आत्याची त्वचाचाचणी झाली तेव्हा ती साठीला आली होती. कोळंबीच्या अर्काच्या थेंबाखाली चांगली रुपयाएवढी गांध उठली. आता गालमो मागीलदारच्या चुलीवर भाजतात आणि आत्या पुढे सोप्यात बसते.