साहेब खोलीबाहेर गेल्यावर

घरात किंवा कचेरीत शिस्त खरोखर कितपत मुरली आहे, हे मोठं माणूस समोर बसलेलं असताना कळत नाही. ते उठून गेलं की कळतं. मानसशास्त्रात या गोष्टीवर एक गाजलेला प्रयोग झाला आहे. तो झाला १९३८-३९च्या सुमारास, युरोपात हुकूमशहांचा जोर असताना, आणि तो योगायोग नव्हता. प्रयोगामागचे कुर्ट लेविन हे बर्लिनचे ज्यू मानसशास्त्रज्ञ. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, तेव्हा त्यांनी जर्मनी सोडली आणि पुढे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम करू लागले. हुकमत आणि लोकशाही यांनी माणसांच्या वागण्यात नेमका काय फरक पडतो, हे त्यांना डोळ्यांसमोर घडताना पाहायचं होतं.

रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांची लहान मंडळं केली. शाळा सुटल्यावर मुलं जमायची आणि मुखवटे बनवायची, साबणावर कोरीवकाम करायची. प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिलेला. पुढच्या प्रयोगांत काही आठवड्यांनी नेता आणि पद्धत दोन्ही बदलत गेले, त्यामुळे जे दिसतंय ते माणसाच्या स्वभावामुळे की पद्धतीमुळे, हे वेगळं काढता आलं.

हुकमी पद्धतीत सगळं नेता ठरवायचा, कोणी कोणाबरोबर काम करायचं हेसुद्धा. शिवाय तो एका वेळी एकच पायरी सांगायचा. ती झाली की पुढची. आपण कुठं निघालोय, हे मुलांना कधीच माहीत नसायचं. लोकशाही पद्धतीत पहिल्याच बैठकीत सगळ्या कामाची रूपरेषा समोर मांडली जायची, आणि मूल अडलं तर नेता दोन-तीन मार्ग सुचवायचा, त्यातला कुठला घ्यायचा ते मुलानं ठरवायचं. तिसरी पद्धत मोकळं सोडण्याची. सामान इथं आहे, विचाराल तर सांगेन, बाकी तुमचं तुम्ही बघा.

नेता खोलीत असताना सगळ्यात जास्त काम हुकमाखाली दबून राहिलेल्या मंडळांत दिसलं. तिथली मुलं ७४ टक्के वेळ कामात गढलेली होती, लोकशाही मंडळांतली ५० टक्के. एखाद्या वडिलांनी किंवा मॅनेजरनं इथंच वही मिटली, तर धाकाचाच विजय झाला असं वाटेल. पण मग ठरवून नेत्याला बाहेर पाठवलं. हुकमी मंडळांतलं काम २९ टक्क्यांवर कोसळलं. लोकशाही मंडळांत ते ४६ टक्के राहिलं, म्हणजे जवळपास होतं तिथंच. एका हुकमी मंडळात मुलांनी मिळून एकाला इतकं छळलं की त्यानं येणं बंद केलं, मग दुसऱ्याची पाळी आली. नेत्यावर काढता न येणारा राग सोबत्यावर निघाला. वीस मुलांना विचारलं तेव्हा १९ जणांनी लोकशाहीनं वागणारा नेता पसंत केला. उरलेला एक लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता.

मोकळं सोडलेल्या मंडळांत काम मुळातच सगळ्यात कमी झालं. आपल्याकडच्या चर्चेची गाडी नेमकी इथं अडकते. धाक सोडा म्हटलं की समोरच्याला वाटतं, आता मुलांना मोकाट सोडायला सांगतायत. लेविन यांच्या प्रयोगात या दोन वेगळ्या पद्धती होत्या, आणि त्यांचे निकालही वेगळे आले. भागीदारीत, म्हणजे लोकशाही पद्धतीत, मोठ्या माणसाचं काम कमी होत नाही. रूपरेषा मांडायची, पर्याय सुचवायचे, अडेल तिथं मदतीला यायचं. हुकूम सोडण्यापेक्षा ही मेहनत जास्तच आहे.

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कलीला मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी घराघरांतले पालक अभ्यासले, तेव्हा त्यांनाही असंच चित्र दिसलं. नुसता धाक दाखवणारे पालक होते, नुसते लाड करणारे होते, आणि अपेक्षा ठाम ठेवून माया करणारे, कारण सांगायला तयार असणारे होते. या शेवटच्या घरांतली मुलं जास्त स्वावलंबी आणि जबाबदार आढळली. अर्थात अशा पाहणीतून कारण आणि परिणाम सहज सुटे होत नाहीत. समजूतदार मुलाच्या आईवडिलांना समजुतीनं वागणं सोपंही जात असेल. म्हणून प्रयोगांकडे वळावं लागतं.

त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो, कारण तो दोन-तीन वाक्यांच्या फरकावर उभा आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात रिचर्ड कोस्टनर, रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतल्या मुलांना रंगवायला बसवलं. काही मुलांवर नियम घातले: रंग ठरलेल्या कागदाबाहेर जाऊ द्यायचा नाही, दुसरा रंग घेण्याआधी ब्रश धुऊन पुसायचा. पण हे सांगण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एका गटाला सांगितलं, शहाण्या मुलांसारखं वागायचं, रंग सांडायचे नाहीत, सांगितलंय तसंच करायचं. दुसऱ्या गटाला म्हटलं, रंग मनसोक्त फासायला मजा येते हे मला ठाऊक आहे, पण हे सामान आणि ही खोली नंतर येणाऱ्या मुलांसाठी नीट राहायला हवी. नियम तेच. नंतर मुलांना मोकळा वेळ दिला आणि कोण आपणहून पुन्हा रंगवायला घेतं ते पाहिलं. दरडावलेल्या मुलांचा उत्साह आटला होता, चित्रंही फिकी पडली होती. ज्यांच्या इच्छेची दखल घेऊन कारण सांगितलं होतं, ती मुलं नियम नसलेल्या मुलांइतक्याच हौशीनं रंगवत होती.

म्हणजे बंधनानं हौस मरत नाही. ‘तुला काय वाटतं याच्याशी मला देणंघेणं नाही’ हा सूर ती मारतो. रायन आणि एडवर्ड डेसी यांनी पुढं यावर मोठा सिद्धांत उभा केला. आपण हे आपणहून करतोय, आपल्याला हे जमतंय आणि आपण कुणाचे तरी आहोत, या तीन भुका भागल्या की माणूस कामाला आपलं म्हणतो. पाळत ठेवायची गरज मग आपोआप कमी होते.

मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखं वागवावं, असं सुभाषित आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. त्यातली दिशा अचूक आहे. पण सोळाव्या वाढदिवसाला किल्ल्या हातात द्यायच्या आणि तोवर सगळं आपण ठरवायचं, असं केलं तर त्या मुलाला ठरवायची सवय कुठून येणार? मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी किशोरवयीन मुलं आणि पालक यांच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं की कुणाला दुखावू नये, खोटं बोलू नये, जिवाला धोका होईल असं करू नये, या बाबतीत मुलं पालकांचा अधिकार बऱ्यापैकी मानतात. भांडण पेटतं ते केस, कपडे, मैत्रिणी, खोलीतला पसारा यांवरून. मुलाच्या लेखी ती त्याची खाजगी बाब असते, आईच्या लेखी घराच्या रीतीची. म्हणून अधिकार एकेका विषयातून, वयाप्रमाणे सोडत जावा हे बरं. आठवीतल्या मुलीनं स्वतःचे कपडे आणि अभ्यासाची वेळ ठरवावी, रात्री घरी किती वाजता यायचं ते दोघांनी बसून ठरवावं, आणि लायसन्सशिवाय गाडी नाही म्हणजे नाही.

मुलं हातची जातील, ही भीती मात्र खरी असते आणि तिला हसू नये. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चीदेम कायत्चिबाशी यांचं काम इथं उपयोगी पडतं. आपल्यासारख्याच, नात्यांत घट्ट गुंतलेल्या समाजात त्यांनी कुटुंबं अभ्यासली. शहरांत शिक्षण आणि पैसा आला की पालकांचं मुलांवरचं आर्थिक अवलंबन सुटतं, पण जिव्हाळा टिकून राहतो, असं त्यांनी दाखवलं. स्वतःचे निर्णय घेणं आणि घराशी बांधलेलं असणं या दोन गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदू शकतात.

कचेरीत हीच गुंतागुंत दुसऱ्या रूपात भेटते. आपल्याकडचा साहेब अर्धा बाप असतो. रजेचा अर्ज त्याच्याकडे, बहिणीच्या लग्नाची अडचणही त्याच्याकडे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८०च्या सुमारास याचा बारकाईनं विचार केला. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘तूच ठरव’ म्हटलं तर साहेब कच्चा आहे असा अर्थ निघतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून सुरुवात मायेनं आणि स्पष्ट दिशा देऊन करावी, माया कामाशी जोडलेली ठेवावी, आणि माणूस तयार होत जाईल तसतसं त्याला निर्णयांत सामील करून घ्यावं, असं त्यांचं प्रतिपादन. माझ्या मते बहुतेक साहेब यातला पहिला भाग उत्तम करतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. बाप होण्यात सुख असतं, ते सोडवत नाही.

त्याची किंमत कुठं मोजली जाते, हे संशोधक एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत दिसलं. चांगल्या वॉर्डांत औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच, तिथं चुकांची नोंद जास्त होती. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला की त्या वॉर्डांत परिचारिका चूक बोलून दाखवू शकत होत्या, आणि धाकाच्या वॉर्डांत ती दडवली जात होती. घाबरलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तकही असंच दप्तराच्या तळाशी राहतं.

भागीदारी ही पाश्चात्त्य, सुशिक्षित लोकांची चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी अहमदाबादची कॅलिको मिल आठवावी. ही गोष्ट १९५३ची, तेव्हा अहमदाबाद मुंबई राज्यातच होतं. साराभाईंच्या या गिरणीत नवे स्वयंचलित साचे, म्हणजे कापड विणायचे माग, बसवले होते, पण उत्पादन काही वाढेना. माणसं एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस पाहायला आले. एका शेडमध्ये २२४ साचे आणि २९ कामगार होते, कामं बारा प्रकारांत वाटलेली. एकाकडे चोवीस साचे, दुसऱ्याकडे साठ. सूत तुटलं की कोण कुणाला जबाबदार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. राइस यांनी सुचवलं की ठरावीक साचे एका लहान गटाच्या हवाली करावेत आणि कोणी काय करायचं ते गटानं आपसांत ठरवावं. चर्चेनंतर वरून आदेश यायची वाट न पाहता कामगारांनी स्वतःच आपापले गट पाडले. काही महिन्यांत कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपासून ९५कडे गेली, खराब कापडाचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २०वर आलं.

१९७० साली टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर पुन्हा त्या गिरणीत गेले. मूळ शेडमध्ये गटांची पद्धत आणि कामाची पातळी तोवर टिकून होती. गिरणीतल्या दुसऱ्या काही शेडमध्ये, जिथं बाजाराचा ताण वाढला, वरचे लोक रोजच्या कामात पुन्हा हात घालू लागले, तिथं ती हळूहळू विरघळली होती.