सोलापूर जिल्ह्यातील कालव्याकाठची वाट : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात कालव्याच्या भरावावरून दिवसभर चालायचे असेल, तर ही वाट मुळात कोणासाठी घातली गेली हे आधी समजून घ्यायला हवे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून मालाच्या होड्या घोड्यांकडून दोराने ओढल्या जात आणि कालव्याकाठची वाट त्या घोड्यांसाठी असे. आपल्याकडे गोदावरी व कृष्णेच्या मुखाजवळील कालव्यांतूनही नावा चालल्या. दख्खनच्या पठारावरचा कालवा मात्र मुख्यतः शेतीसाठी खोदला गेला, आणि त्याच्या काठची वाट राखली गेली ती पाटकऱ्यासाठी, म्हणजे दारे उघडणाऱ्या, पाळीचे पाणी देणाऱ्या आणि गळती शोधणाऱ्या माणसासाठी.

सोलापूर शहराच्या उत्तरेचा एकरुख तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ साली पुरा झाला आणि त्यातून कालवे निघाले. पुढे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात आष्टीच्या तलावाचे काम भुकेल्या मजुरांच्या हातांनी उभे राहिले. विसाव्या शतकात नीरेचा उजवा कालवा माळशिरस तालुक्यात आला व तिथे उसाची बागायत वाढली. माढा तालुक्यात भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर त्याचे कालवे जिल्ह्याच्या मोठ्या भागात पोहोचले.

कालवा सरळ रेषेत जात नाही, हे चालणाऱ्याला पहिल्या तासाभरातच कळते. पाणी आपल्या उताराने वाहायला हवे, म्हणून तो जवळपास एकाच उंचीवरून टेकाडाच्या कडेकडेने वळसे घेतो, आणि समोर दिसणारे गाव गाठायला दुप्पट चालावे लागते. याच कारणाने त्याच्या दोन अंगांची शेती निराळी दिसते : वरच्या अंगाला ज्वारीचे जिरायत रान, तर खालच्या अंगाला, जिथे चारीचे पाणी आपोआप उतरते, ऊस. अलीकडे वरच्या अंगालाही मोटारी लावून पाणी चढवले जाते, त्यामुळे ही सीमारेषा पुसट होत चालली आहे. तरी वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात हा फरक जितका स्पष्ट भरावावरून दिसतो, तितका कोणत्याही नकाशात दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे.

काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून भरावावर मुरूम टाकून तो दाबावा लागतो. खेकडे आणि उंदीर बिळे करतात, बाभळीची मुळे आत शिरतात. हे दोष लहान असतानाच नजरेस पडावेत यासाठी काठाने पायी फिरण्याची पद्धत पडली. जानेवारी २०२३ मध्ये मोहोळ तालुक्यात पाटकुलजवळ उजनीचा डावा कालवा फुटला आणि खालच्या शेतांतील उभी पिके पाण्यात गेली. आवर्तन, म्हणजे कालव्यात सोडलेले पाळीचे पाणी, सुरू असताना भरावावरून जाणाऱ्या वाटसरूला कुठे बाहेरच्या उतारावर ओल दिसली, तर ती जवळच्या पाटकऱ्याच्या कानावर घालणे हे त्याचेही कामच आहे.