एक पायरी केवढ्याला पडते?

अलोन्झो चर्च यांनी 1930 च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलस या गणनेच्या इवल्याशा भाषेत तीनच गोष्टी आहेत: चल, फंक्शन बनवणं आणि फंक्शनला काहीतरी देणं. नियमही एकच. जे दिलं ते फंक्शनमध्ये त्या चलाच्या जागी, तो जिथे जिथे येतो तिथे, ठेवायचं. बेरीज, अटी, याद्या, सगळं यातून उभं राहतं. नियम एकदा लावला की झाली एक पायरी. वहीत हे छान जमतं. पंचाईत होते ती संगणकाकडून करून घेताना.

समजा, एक फंक्शन मिळालेल्या गोष्टीशेजारी तिचीच प्रत ठेवतं. ते एकात एक असं 30 वेळा गुंफलं आणि अगदी आत एक अक्षर ठेवलं. आतून बाहेर सोडवत आलो तर 30 पायऱ्या, पण उत्तरात त्या अक्षराच्या 107 कोटींहून जास्त प्रती! बाहेरून आत गेलो तर उत्तर तेच, पायऱ्याच 107 कोटींवर. मग या प्रोग्रॅमचा खर्च किती म्हणायचा?

आतून बाहेर येणं दर वेळी शहाणपणाचं असतं असंही नाही. दिलेली गोष्ट वापरतच नाही अशा फंक्शनला न संपणारा हिशेब दिला, तर आतून सुरुवात करणारा कायमचा अडकतो. बाहेरून येणारा तो हिशेब न उघडताच टाकून देतो.

इथे अमूर्त यंत्रं कामाला येतात. अमूर्त, म्हणजे त्यांना पत्रा-तारा नाहीत. ती कागदावरच्या काटेकोर नियमांची बनलेली असतात. पहिलं नावाजलेलं यंत्र पीटर लँडिन यांचं, 1964 चं. मला मात्र क्रिव्हिन यांचं यंत्र जास्त देखणं वाटतं: हातातला प्रोग्रॅमचा तुकडा, कोणत्या चलाचा अर्थ काय याची नोंदवही आणि एक स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी उचलायची चळत), बस्स. ते प्रती काढतच नाही. चलाची किंमत वहीत टिपतं आणि तो चल समोर आला तरच वही उघडतं. त्यामुळे ते ज्या तुकड्याला हात लावतं तो मूळ प्रोग्रॅममध्ये आधीपासून असतो. तुकडे फुगत नाहीत, म्हणून एकेक पायरी आवाक्यात राहते.

तरी एक उधळपट्टी उरते. तोच चल दहादा भेटला तर तोच हिशेब दहादा होतो. उपाय म्हणजे पहिल्यांदा आलेलं उत्तर वहीत लिहून ठेवणं. ही कल्पना 1971 मध्ये वॉड्सवर्थ यांनी मांडली; हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आज तिच्यावरच चालते.

मग लोभ सुटला: पायऱ्या कमीत कमी किती करता येतील? लेव्ही यांनी 1970 च्या दशकात तो आदर्श ठरवला, लॅम्पिंग यांनी 1990 मध्ये, सारखे तुकडे प्रती न काढता वाटून घेऊन, तो गाठणारी रीत शोधली. पायऱ्या खरोखरच कमी झाल्या. पण हे वाटून घेतलेले तुकडे सांभाळण्याचं काम कधीकधी इतकं वाढतं, की 2 चा घात, त्याचा घात असा कितीही मजली मनोरा रचला तरी त्याला ते पुरून उरतं. हे अस्पेर्ती आणि मेअर्सन यांनी सिद्ध केलं. खर्च वाचला नव्हता, फक्त मोजणीतून निसटला होता.

फंक्शनच्या पोटातही शिरून सगळं शेवटपर्यंत सोडवायचं असेल तर? त्याचं उत्तर 2014 मध्ये अकात्तोली आणि दाल लागो यांनी दिलं. दर वेळी सर्वांत बाहेरची, सर्वांत डावीकडची पायरी घ्यायची आणि गरज असेल तिथेच वाटलेला तुकडा सुटा करायचा. मग पायऱ्यांची संख्या हा ट्युरिंग यंत्राच्या (संगणकाचा गणिती नमुना) वेळेशी बहुपदी प्रमाणात, म्हणजे फार तर वर्ग, घन अशा ठरावीक घाताच्या फरकाने, जुळणारा, प्रामाणिक हिशेब ठरतो. फक्त उत्तर घडी घातलेलंच, म्हणजे सारखे तुकडे वाटून घेतलेलंच, हाती येतं. पूर्ण उलगडलं तर पुन्हा तो कोट्यवधींचा पसारा. पण दोन उत्तरं सारखी आहेत का, हे घडी न मोडताही तपासता येतं.