शरद विषुवदिनाच्या होळ्या: आग जुनी, तारीख नवी

दर सप्टेंबरात, दिवस-रात्र समान असणाऱ्या शरद विषुवदिनी, म्हणजे २२ तारखेच्या आगेमागे, लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला, नेरिस नदीच्या काठी पेंढ्याच्या भल्यामोठ्या आकृत्या पेटवतात. पश्चिमेला युओदक्रांतेत खाजणाकाठी त्याच सुमारास बोरूच्या आकृत्या जळतात. वर्षभर उभ्या राहिलेल्या जुन्यांना आग, मग पुन्हा नव्यांची बांधणी. या छायाचित्रांखाली हमखास ‘हजारो वर्षांची परंपरा’ असे लिहिलेले असते. आगीपुरते ते मान्य. तारखेचे मात्र तपासावे लागते.

लिथुआनियन शेतकऱ्याचे मुख्य धान्य राय. तिची कापणी ऑगस्टमध्येच उरकते. सप्टेंबरचे तिथले नाव रुगसेयिस, म्हणजे राय पेरण्याचा महिना. शेवटची मूठभर ताटे न कापता त्यांची वेणी घालणे, शेवटच्या पेंढीला बाईसारखे नटवून ‘बोबा’ (म्हातारी) म्हणणे, कणसांचा मुकुट मालकाच्या घरी नेणे आणि कापणाऱ्यांवर पाणी ओतणे हे सगळे खरेच जुने आहे, पण ते कापणी संपेल त्या दिवशीचे. विषुवदिनाची वाट कोणी पाहत नव्हते. पेरणीचा हिशोबही १५ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर या येशूच्या आईच्या, मेरीच्या, दोन सणांवर चाले. १५८२ साली छापलेल्या एका पोलिश इतिवृत्तात सुगीनंतरच्या मेजवानीचे वर्णन आहे: गवत अंथरलेले मेज, भाकरी, बिअर, नर-मादीच्या जोडीने बळी दिलेली जनावरे. ती मेजवानी ऑक्टोबरच्या अखेरची.

मग ‘दागोतुवेस’चे काय? आजच्या सणांच्या याद्यांत हा शब्द विषुवदिनापुढे दिसतो. त्यातला ‘दागा’ म्हणजे कापणीचा हंगाम, मुळात उन्हाची काहिली. आपल्या ‘दाह’ आणि ‘निदाघ’ यांचा हा लांबचा भाऊबंद. म्हणजे नाव उन्हाळ्याचे आणि चिकटवले शरदाला. शुद्ध खगोली अर्थाचा शब्द ‘लिग्यादियेनिस’, म्हणजे समान दिवस. त्यात आपला ‘दिन’ चक्क ऐकू येतो. माझ्या मते तोच वापरावा. दागोतुवेस कापणीलाच शोभते.

सोव्हिएत काळात सुगीचे सोहळे सामूहिक शेतांच्या ताब्यात गेले. लोकपरंपरेच्या पुनरुज्जीवनाची सुरुवातही शरदातून झाली नाही. १९६७ साली केर्नावेच्या टेकड्यांवर उन्हाळी अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा दिवस) साजरा झाला आणि त्यामागची चळवळ १९७१ मध्ये दडपली गेली. १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर झाल्यानंतरच शरदातली आग सार्वजनिक सण म्हणून शहरात रुजली.

खरा गुंता २००० सालचा. लिथुआनिया आणि लाटविया यांच्या संसदांनी २२ सप्टेंबर हा बाल्टिक एकता दिन ठरवला. निमित्त १२३६ची साउलेची लढाई. तिच्यात तलवारबंधू या जर्मन ख्रिस्ती योद्ध्यांच्या लष्करी पंथाचा इतका धुव्वा उडाला की पुढच्याच वर्षी तो ट्यूटॉनिक या तशाच मोठ्या पंथात विलीन झाला. त्या दिवशी आता गढ्यांच्या टेकड्यांवर शेकोट्या पेटतात आणि भाषणांतून सहज सांगितले जाते की पूर्वजांनी विषुवदिनीच विजय मिळवला. हे गणितात बसत नाही. लढाईची तारीख युरोपातल्या जुन्या, जूलियन पंचांगातली आहे. तेराव्या शतकात ते पंचांग आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या सात दिवस मागे होते, म्हणजे तो दिवस आजच्या हिशोबाने २९ सप्टेंबर ठरतो. विषुवदिन आठवडाभर आधीच होऊन गेला होता. (ग्रेगोरियन सुधारणा १५८२चीच, त्या इतिवृत्ताच्याच सालची. हा निव्वळ योगायोग.)

निर्णय चुकला असे नाही. संसदेला स्मृतिदिन हवा होता आणि तो मिळाला. पण एका लढाईचा वाढदिवस, पेरणीचा महिना आणि सूर्याचा हिशोब एकाच शेकोटीत गेले, आणि आता कोण कशासाठी लाकूड टाकतो हे वेगळे काढता येत नाही. लढाईच्या जागेवरही एकमत नाही. कोणी लिथुआनियातले शाउलेय धरतात, तर कोणी लाटवियातले वेत्ससाउले.