गार दुधातले जंतू मरत का नाहीत?

खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात डेअरीला घातलेलं दूध बल्क कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत गार करतात. आता जंतूंची भीती नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर बहुतेक जंतू नुसते थबकतात आणि स्युडोमोनाससारखे काही त्या गारव्यातही सावकाश वाढत राहतात. त्यांनी सोडलेले काही एन्झाइम तर दूध तापवूनही टिकतात.

थंडीने जंतू मरतातच कधी, हा प्रश्न शंभर वर्षं जुना. १९२३ साली शर्मन आणि अल्बस यांनी दाखवलं की जोमाने वाढणारे ई. कोलाय हे आतड्यातले जंतू अचानक गार केले की मोठ्या संख्येने मरतात; वाढ थांबलेले मात्र तगतात. सगळी मेख त्या 'अचानक'मध्ये होती.

जंतूच्या आवरणात मेदाम्लं, म्हणजे मेदाच्या लांब साखळ्या असतात. डिसेंबरात बेळगावात खोबरेलाची बाटली थिजते, तीच गत या आवरणाची. सरळ, संपृक्त साखळ्या थंडीत एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. आवरण एकाएकी थिजलं की त्याला फटी पडून आतला ऐवज गळतो. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीला बाक असतो, म्हणून ती तशी दाटत नाहीत.

हे कळायला चार दशकं गेली. थंडीत वाढवलेल्या ई. कोलायमध्ये असंपृक्त मेद जास्त असतो, हे मार आणि इंग्रॅहम यांनी १९६२ मध्ये मोजलं. १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी पुढची गोष्ट पकडली: जंतू १५ अंशांवर वाढवा की ४३ वर, आपापल्या तापमानाला त्यांच्या मेदाचा पातळपणा जवळपास सारखाच राहतो. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

पण ई. कोलायची ही युक्ती नवा मेद घडवतानाच चालते. बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जंतू आवरणात आधीच बसलेल्या साखळ्यांना जागच्या जागी बाक देतो. थंडीची चाहूल त्याला डेसके हे आवरणातलंच प्रथिन देतं. अर्जेंटिनातल्या रोझारिओ इथल्या डी मेंडोझा यांच्या गटाने ही यंत्रणा २००१ मध्ये मांडली. पुढे त्याच गटाने दाखवलं की गारव्याने आवरण जाड होतं आणि डेसकेला कळते ती ही जाडी.

लिस्टेरिया या आजार पसरवणाऱ्या जंतूची तऱ्हा निराळी. तो आखूड, टोकाशी फाटा फुटलेली मेदाम्लं भरतो आणि फ्रिजमध्येही वाढतो.